लेखनिक मिळत होता, मग का नाही घेतलात?

परीक्षेत लेक सांगेल ते लिहून देणारं माणूस म्हणजे लेखनिक. हा प्रश्न मला नणंदेनं विचारलाय, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलाय, आणि सायन रुग्णालयात बाकावर शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंनीही विचारलाय. लेकाला डिसलेक्सिया आहे, वाचता-लिहिताना अडतं. दहावीला त्याला 58 टक्के पडले. प्रश्न विचारताना सगळ्यांच्या डोळ्यांत तो आकडा असतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून काढते. डिसलेक्सिया म्हणजे काय, मोबाईल कमी केला तर जातो का, यात शिरत नाही. त्यावर बोलून माझा घसा गेलाय.

चौथीत बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तपासून घ्या. मी त्यांच्याशी भांडले. ‘आमच्या घरात असं कुणी नाही,’ असं मी म्हणाले होते, आणि ते वाक्य मला अजून झोपताना आठवतं. त्या वेळी त्याला काय लागत होतं? रोज अर्धा तास कुणीतरी शेजारी बसून जोडाक्षरं फोडून वाचून घेणं. मी ते ‘झालेलं काही नाही’ म्हणून केलं नाही, शाळेनं पन्नास मुलांच्या वर्गात जमत नाही म्हणून केलं नाही. आठवीपर्यंत नापास करत नव्हते, त्यामुळे गाडी ढकलत ढकलत पुढे गेली.

मग आठवीत सायनला खेपा. कान, डोळे, बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी. प्रमाणपत्र हातात आलं आणि माझं डोकं दुसऱ्या टोकाला गेलं. इतकी वर्षं बुडवली ना, आता मिळेल ते सगळं घ्यायचं. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुका माफ, एका भाषेतून सूट, लेखनिक, शिवाय बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं गणित. शाळेच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, ‘ताई, सगळ्यावर टिक करा, नंतर मागून मिळत नाही.’ मी केली. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात हे आहे, मग हक्काचं का सोडायचं? आजही मला हा युक्तिवाद चूक वाटत नाही. फक्त प्रमाणपत्रावर टक्का असतो, कुठल्या पेपरात काय अडतं ते नसतं.

सातवीचं गणित लेकानंच खोडलं. ‘आई, मला भूमिती येते.’ येत होतीच. वाचताना ओळ सुटते, लिहिताना ‘प्र’ आणि ‘र्प’ यांची अदलाबदल होते, पण कंपास हातात घेतला की पोरगा शांत होतो.

पूर्वपरीक्षेला लेखनिक दिली. नियमानं खालच्या इयत्तेतलीच हवी, म्हणून आठवीतली एक मुलगी आली. गुणी, नीटनेटकी, मोत्यासारखं अक्षर. तिचा काही दोष नाही, हे आधीच सांगते. भूमितीच्या पेपरात प्रश्न आला: वर्तुळ काढा, बाहेरच्या बिंदूतून त्याला स्पर्शिका काढा. ही रचना दहावीची. तिनं स्पर्शिका हा शब्दच ऐकलेला नव्हता. लेक सांगत होता, केंद्र आणि बाहेरचा बिंदू जोड, त्या रेषेचा लंबदुभाजक काढ, मध्यबिंदूवर टोक ठेव. ती टोक ठेवायची, ते घसरायचं, ती खोडायची. त्यानं एकदा हात पुढे केला तर पर्यवेक्षक म्हणाले, ‘हात मागे.’ मग त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. सुटला तेव्हा बोटांवर बाकाच्या फळीचे वळ होते. 40 मिनिटं जास्तीची होती, ती सगळी त्या एका आकृतीत गेली.

पेपर दाखवायच्या दिवशी मी तो पाहिला. स्पर्शिका वर्तुळाला टेकलीच नव्हती, मध्ये नखाएवढी फट. बाजूला लाल पेनानं शून्य. इतिहासाच्या पेपरात मात्र सुरेख वाक्यं, ‘परिणामस्वरूप’ वगैरे. लेक म्हणाला, ‘हा शब्द मी कधी बोलतो का? तिनं माझा पेपर दिला.’

घरी येऊन म्हणाला, लेखनिक नको. मी रडले, ओरडले, शेवटी हो म्हटलं. बोर्डाला फक्त तासाला 20 मिनिटं जादा वेळ घेतला. भूमितीत त्याला 40 पैकी 33. इतिहासात 14.

आता खरं बोलते. इतिहासाला लेखनिक असती तर ते 14 नसते. एका पेपराला हवी, दुसऱ्याला नको, असं मी शाळेत विचारलं होतं. उत्तर आलं, ‘असं विषयवार सुटं सुटं नसतं हो.’ बोर्डाच्या नियमात ते बसतं का, हे मी पुढे जाऊन विचारलं नाही. थकले होते. आणि थोडा लेकाचा राग आला होता, की एवढं मिळवून दिलं आणि हा नको म्हणतो. तुम्ही विचारता तेव्हा मला जे टोचतं ते हेच, तुमचा प्रश्न नाही.

कधी वाटतं, तो सोळाचा होता, त्याचं ऐकायला नको होतं. मग ते मांडीखालचे हात आठवतात आणि वाटतं, ऐकलं ते बरं केलं. पुढच्या आठवड्यात परत 14 आठवतो.

या महिन्यात तो 18 चा झाला. प्रमाणपत्र वयाच्या 14 ला आणि 18 ला पुन्हा तपासून घ्यावं लागतं, 18 चं कायमचं. परवा सायनला त्याच्यासोबत गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कॉलेजात काय काय लागेल? मी तोंड उघडलं होतं. लेकानं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘थिअरीला वाचून दाखवणारं कुणी. ड्रॉइंगला काही नाही.’