हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की आमच्या आईला आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. बाबांच्या माघारी फॅमिली पेन्शन सुरू झालं, तेव्हापासूनचा हा वार्षिक सोहळा. आधी बँकेत जाऊन सही केली की भागायचं. मग अंगठा आला. पण साठ वर्षं भांडी घासलेल्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत, तिथे मशीन तरी काय करणार? म्हणून यंदा चेहरा.

दुपारची जेवणं झाल्यावर मी मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर एक गोल आला, गोलात आई आली आणि सूचना आली: डोळ्यांची उघडझाप करा. आईने डोळे मिटले ते मिटूनच घेतले, देवापुढे मिटतात तसे. पुन्हा प्रयत्न करा. मग म्हणे उजेड कमी. मग म्हणे चष्मा काढा. चौथ्या खेपेला ती वैतागली. "अरे, मी बसलेय की इथं ढळढळीत. त्याला दिसत नाही का?"

सर्व्हरला जरा दम खाऊ द्यावा म्हणून मी फोन खाली ठेवला, आणि मला रेम्ब्राँ आठवला, सतराव्या शतकातला डच चित्रकार. पेन्शनच्या कामात रेम्ब्राँ आठवणं हे काही बरं लक्षण नाही, पण माझं असंच होतं. या माणसाने जन्मभर स्वतःचा चेहरा काढला. तैलचित्रं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेली छापचित्रं, रेखाटनं, सगळी मिळून ऐंशीच्या आसपास. कुठल्या खिडकीवर दाखल करायची होती कोण जाणे. 1656 मध्ये त्याचं दिवाळं वाजलं. 1658 मध्ये राहतं घरही गेलं, आणि त्याच साली त्याने स्वतःला काढलंय ते सोनेरी झगा घालून, हातात काठी घेऊन, सिंहासनावर बसल्यासारखं. घर गेलेला माणूस असा बसतो? आमच्या वाड्यातले एक काका बसायचे. भाडं थकलं की त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर.

पण मला जास्त जवळची त्याची तरुणपणची छापचित्रं. 1630 मधलं एक आहे, आगपेटीपेक्षा जेमतेम मोठं: डोक्यावर टोपी, डोळे विस्फारलेले, ओठांचा चंबू. आरशासमोर बसून तो वेडीवाकडी तोंडं करायचा, कधी रागावलेलं, कधी हसरं, कधी दचकलेलं, आणि तसंच कोरून ठेवायचा. पहिल्यांदा ती चित्रं पाहिली तेव्हा मी मोठ्याने म्हणालो होतो, "अरे, हे तर बाबा दाढी करताहेत!"

बाबांचा आरसा गॅलरीत, खिळ्याला. पाण्याचा टमरेल कठड्यावर, त्यात ब्रश. सकाळी सातला पहिलं ऊन तिथे यायचं म्हणून दाढीची जागाही तीच. एक गाल फुगव, नाक चिमटीत धरून वर कर, हनुवटी आभाळाकडे, मग खालचा ओठ आत ओढून जबडा असा पुढे, की ओळख पटू नये. एरवी घरात हा माणूस हसायचासुद्धा हिशेबाने. मी मागे उभा राहून बघायचो. आरशात त्यांचे डोळे थेट माझ्या दिशेने असायचे आणि तरी त्यांना मी दिसत नसे. त्यांचं लक्ष ब्लेडवर.

आत्मचित्रांतली नजर अगदी हीच, असा माझा एक हट्ट आहे. लोक म्हणतात, चित्रातला माणूस थेट आपल्याकडे बघतोय, कुठेही जा, डोळे मागोमाग येतात. काही बघत नाही. तो आरशात बघतोय, आपली दाढी करतोय. आपण मध्ये आलो, इतकंच.

(अस्सल चित्र यातलं एकही मी पाहिलेलं नाही. जे काही पाहिलं ते रद्दीवाल्याकडच्या जाडजूड पुस्तकांत आणि आता मोबाइलवर. त्यामुळे हट्टाचा हट्टच राहणार.)

सहावीत चित्रकलेच्या सरांनी घरचा अभ्यास दिला होता, आरशात बघून स्वतःचं चित्र काढा. मी बाबांचा आरसा काढून घेतला, तोही नेमका त्यांच्या वेळेला. फेसाळलेल्या तोंडाने त्यांनी जे काही म्हटलं ते अर्धवटच कळलं. चित्र मात्र मी जीव तोडून काढलं, डाव्या गालावरच्या तिळासकट. सरांनी कागद माझ्या चेहऱ्याशेजारी धरला आणि म्हणाले, तीळ चुकला. दोन मार्क गेले. आरशात जो गाल डावीकडे असतो तो कागदावरही डावीकडेच उतरतो, आणि बघणाऱ्याला तो उजवा वाटतो, हे तेव्हा मला सांगता आलं नाही. व्हॅन गॉगने 1888 च्या डिसेंबरात स्वतःचा डावा कान कापून घेतला आणि जानेवारीत चित्र काढलं त्यात पट्टी उजव्या कानाला आहे. त्याचे मार्क कोणी कापले नाहीत. त्याने इतकी आत्मचित्रं काढली याचं एक कारण तर अगदी घरगुती: समोर बसणाऱ्या माणसाला द्यायला पैसे नव्हते. एक बरासा आरसा घेतला की झालं.

आणि जर्मन चित्रकार ड्यूरर! तेरा वर्षांचा असताना, 1484 मध्ये, त्याने चांदीच्या टोकाच्या लेखणीने स्वतःला काढलं. चांदीची रेघ खोडरबरने जात नाही, चुकली की चुकली. पुढे मोठेपणी त्याने त्याच कागदावर लिहून ठेवलं, की हे मी लहान असताना आरशात बघून काढलं होतं. माझ्या कागदाचं काय झालं ठाऊक नाही. बहुतेक कपाटातल्या फळीवर अंथरला गेला.

"काय बघतोयस एवढं?" आई म्हणाली. मग तिलाच दाखवायला लागलो. ड्यूररचं 1500 मधलं, समोरासमोरचं, खांद्यावर केस सोडलेलं चित्र बघून तिने विचारलं, "हा कुठला देव?" त्याला हेच हवं होतं बहुधा, येशूची चित्रं तशी समोरून काढायची पद्धत होती. रेम्ब्राँचं शेवटच्या वर्षातलं, 1669 चं, तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. त्रेसष्टीचा, नाक बटाट्यासारखं, हात एकमेकांत. "याची बायको गेलेली दिसतेय," ती म्हणाली. बायको सास्किया जाऊन तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती, नंतरची जोडीदारीण हेंड्रिक्येही गेली होती, आणि आदल्याच वर्षी मुलगा टिटस. मी काही बोललो नाही. त्या ऑक्टोबरात रेम्ब्राँच गेला.

सगळ्यात आवडला तिला फ्रेंच चित्रकार शार्दां. उभा जन्म त्याने पातेली, कांदे, मासे असलं काढलं. म्हातारपणी डोळ्यांनी दगा दिला तेव्हा तैलरंग सुटले, मग पेस्टल हातात घेऊन त्याने स्वतःला काढलं: डोक्याला फडकं बांधलेलं, गळ्यात रुमाल, नाकावर घसरलेला चष्मा. "हा आपल्यातला वाटतो," आई म्हणाली. "सर्दी झालीय त्याला."

मग उजेडासाठी तिला गॅलरीत नेलं. कठड्याला पाठ लावली तर तोंडावर सावली, म्हणून भिंतीकडे पाठ करून उभी केली, बाबा दाढीला उभे राहायचे तिथेच. या खेपेला तिने डोळे मिटले, उघडले, मिटले, उघडले. गोल हिरवा झाला. थोड्या वेळाने मेसेज आला.

"झालं?"

"झालं."

"म्हणजे पुढच्या नोव्हेंबरपर्यंत आहे म्हण मी," असं म्हणून ती वळली. मागे बाबांचा आरसा होता, त्यात बघून तिने फोटोसाठी चापून बसवलेले केस सारखे केले. सारखे केले म्हणजे अंदाजानेच. आरसा बाबांच्या उंचीला लावलेला. तिला त्यात कपाळापासून वरचंच दिसतं. एकोणीस वर्षं झाली, तो खिळा खाली घ्यायचा राहूनच गेलाय.