ओठ बधीर, दाढ मात्र जागी

उजवीकडची खालची अक्कलदाढ आडवी, पुढच्या दाढेत रुतलेली. पहिल्या दवाखान्यात भुलीचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात अर्धा खालचा ओठ, हनुवटी, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, भूल बसली. पण दाढेमागच्या हिरडीला हत्यार लागताच कळ कानापर्यंत गेली. आणखी दोन इंजेक्शनं दिली, कळ तीच. "तुम्ही घाबरलाय, म्हणून दुखतंय असं वाटतंय." हे ऐकून मी खुर्चीतच रडले आणि दाढ तशीच घेऊन घरी आले. महिनाभर मलाही वाटत राहिलं की चूक माझीच.

दुसऱ्या डॉक्टर, जबड्याच्या सर्जन, त्यांनी आधी विचारलं, "ओठ बधीर झाला होता का? नेमकं कुठे दुखलं?" एवढं मला आधी कुणी विचारलंच नव्हतं. साध्या एक्सरेत, म्हणजे ओपीजीत, दाढेचं मूळ नसेच्या नळीवर आलेलं दिसत होतं, म्हणून त्यांनी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढायला सांगितला.

स्क्रीनवर बोट ठेवून त्यांनी समजावलं. खालच्या जबड्याच्या उभ्या भागात, आतल्या बाजूला एक छिद्र असतं. तिथून नस हाडात शिरते, दाढांच्या मुळांखालच्या नळीतून पुढे येते आणि उपदाढांखालच्या छिद्रातून बाहेर पडून ओठाला, हनुवटीला जाते. म्हणून ओठ बधीर झाला की भूल बसली असं धरतात. माझ्या नळीला मागेच एक फाटा फुटला होता. तो वर वळून अक्कलदाढेमागे, हाडातल्या बारीक छिद्राशी संपत होता. ओपीजीत तो दिसलाच नव्हता. सपाट चित्रात असे फाटे बऱ्याचदा सुटतात. कळ बहुधा त्याच वाटेनं जात असणार, असं त्या म्हणाल्या. हा आजार नाही, हाडाची ठेवणच तशी. मला किती हलकं वाटलं!

या वेळी इंजेक्शन बरंच वर दिलं, तोंड पूर्ण उघडं ठेवून, जबड्याच्या सांध्याखालच्या हाडाच्या मानेपाशी. ऑस्ट्रेलियातले दंतवैद्य जॉर्ज गाऊ-गेट्स यांनी १९७३ मध्ये मांडलेली ही पद्धत. फाटे फुटायच्या आधीच नस गाठायची. शिवाय दाढेमागे थोडं औषध वेगळं दिलं. भूल चढायला वेळ लागला, तोवर त्या थांबल्या. फाट्यातून रक्तवाहिनीही जाते, म्हणून चीर त्या छिद्रापासून लांबून घेतली. दाढ तुकडे करून निघाली. दाब जाणवला, कडकड ऐकू आली, कळ नाही.

संध्याकाळपर्यंत ओठ जागा झाला. तुमच्या बाबतीत भूल लागली नसेल, तर पुढच्या डॉक्टरांना ते आधीच सांगा, कुठे दुखलं तेही.

स्कॅनची सीडी मी फाइलमध्ये जपून ठेवलीय. डावी अक्कलदाढ अजून काढायची आहे. त्या बाजूला नळी एकच, पण मुळाला अगदी खेटून. दिवाळीनंतरची तारीख मिळाली आहे.