थडग्यावरचं प्रश्नचिन्ह

आमचं दुकान पाट्यांचं. घराच्या नावाच्या पाट्या, देणगीदारांच्या पाट्या, कोनशिला (उद्घाटनाच्या आदल्या रात्री हमखास एखादं नाव वाढतं आणि आमची झोप जाते), आणि कबरीच्या पाट्या. सोलापुरात कबरीचं काम भरपूर असतं, बाहेरगावच्या लोकांना हे सांगितलं की आश्चर्य वाटतं, त्यांच्या डोक्यात पुरतात ते फक्त मुसलमान आणि आम्ही ख्रिस्ती. पण इथं लिंगायत समाज मोठा आहे, त्यांच्यातही पुरतात, बसवून पुरतात, आणि वर समाधी बांधतात. त्यामुळं एकाच आठवड्यात मराठी, कन्नड, उर्दू अशा तिन्ही पाट्या पडतात. कन्नड मला बोलता येतं, वाचता येत नाही, पण कोरता छान येतं. आता कॉम्प्युटरवाला स्टेन्सिल कापून देतो, ते दगडावर चिकटवायचं आणि कॉम्प्रेसरनं रेती मारायची, अर्ध्या तासात पाटी तयार. वडिलांच्या वेळी छिन्नी-हातोडीवर दोन दिवस जायचे.

शनिवार १९ एप्रिल २०२५ची गोष्ट. दुसऱ्या दिवशी ईस्टर. आमच्यात उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन उपासना असते, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि रविवारी पहाटे पुनरुत्थानाची उपासना. मधला शनिवार रिकामा. शास्त्रात पण त्या दिवसाबद्दल फार काही नाही, शुभवर्तमानात लूकनं येशूच्या कबरीवर जाणाऱ्या बायकांविषयी एवढंच लिहिलंय की शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस होता म्हणून त्या स्वस्थ राहिल्या. मला स्वस्थ राहायला जमत नाही. बायको गेल्यापासून रिकामा दिवस खायला उठतो, म्हणून मी दुकान उघडून बसतो. गिऱ्हाईक आलं तर आलं.

बायकोचं थोडक्यात सांगतो. दीड वर्ष डायलिसिस, मग जूनमध्ये गेली, त्या शनिवारी दोन वर्षं व्हायला आली होती. दुकानात रंग भरायचं काम तिचं होतं. कोरलेल्या अक्षरात बारीक ब्रशनं पांढरा नाहीतर सोनेरी रंग भरायचा, रेघेच्या बाहेर टिपूस जाऊ द्यायचा नाही. आता ते काम पोरगा करतो (कामावरचा पोरगा, माझा नाही, मला मुली दोन, दोघी लग्न होऊन गेल्या) आणि निम्मा रंग बाहेर सांडतो, मग थिनर घेऊन पुसत बसायचं.

तर ती गेली त्या आठवड्यातच मी गावातला सगळ्यात चांगला काळा ग्रॅनाइट आणला, सहा बाय अडीच फूट, पूर्ण कबर झाकेल असा. त्यावर तिचं नाव कोरलं. आणि थांबलो. खाली जन्म आणि मृत्यूची तारीख घालायची, वचन घालायचं, ते काही हातून होईना. फरशी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली ती राहिलीच. सगळ्या गावाच्या कबरीवर पाट्या बसवणारा माणूस आणि स्वतःच्या बायकोच्या डोक्याशी लाकडी क्रूस, तोही पहिल्या पावसाळ्यात वाकडा झालेला. लोक बोलायचे, पाळकसाहेबांनी पण दोनदा विचारलं. मी म्हणायचो सीझन आहे, कामं पेंडिंग आहेत.

अकराच्या सुमाराला एक म्हाताऱ्या बाई रिक्षातून उतरल्या. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. "सलाम भाऊ" म्हणाल्या म्हणजे आपल्यातल्याच. दुसऱ्या मंडळीच्या (म्हणजे दुसऱ्या चर्चच्या) होत्या, तोंडओळखही नव्हती. रिटायर्ड नर्स, वय चौऱ्याहत्तर, हे सगळं त्यांनी बसल्याबसल्या स्वतःच सांगितलं. मुलगा गेला होता, डिसेंबरात, नाताळच्या आठवडाभर आधी, पुण्याहून येताना टेंभुर्णीच्या अलीकडं. एकुलता एक. पाटी पाहिजे, काळ्या कडप्प्याची चालेल, दीड बाय दोन, आणि उद्या पहाटेच्या आत बसवलेली पाहिजे कारण त्यांच्या मंडळीची पहाटेची उपासना दफनभूमीतच असते.

मी म्हणलं, "सिस्टर, चार महिने होते की. आजच?"

"आज सुचलं काय लिहायचं ते," म्हणाल्या आणि पर्समधून चिठ्ठी काढली.

नाव, दोन तारखा. आणि खाली, सुंदर वळणदार अक्षरात: धोंड कोण लोटील? मार्क १६:३.

आता हे बाकीच्यांना कळायचं नाही म्हणून सांगतो. कबरीवर आमचे लोक ठरलेली पाच-सहा वचनं घालतात. "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" हे सगळ्यात जास्त, मग "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", आणि थोडे शिकलेले असले की "अरे मरणा, तुझी नांगी कोठे?" तीस वर्षं ही वचनं मारतोय, पाठ झालीत, स्टेन्सिलच्या फायली पण तयार आहेत. मार्क १६:३ कुणी कधी मागितलं नव्हतं. त्यात मरीया मग्दालीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे अशा तिघी पहाटे सुगंधद्रव्यं घेऊन येशूच्या कबरीकडं निघाल्यात आणि वाटेत एकमेकींना विचारतात की आपल्याकरता कबरेच्या तोंडावरून धोंड कोण लोटील. म्हणजे अजून काही झालेलं नाही. देवदूत नाही, उठलेला प्रभू नाही, काही नाही. नुसत्या चाललेल्या तीन बायका.

मी धंद्याच्या सवयीनं म्हणलं, "बाई, हा तर प्रश्न झाला. याच्यात आशेचं काय आहे? पुढचं वचन घ्या की, धोंड लोटलेली दिसली ते. लोक वाचतील तर काय म्हणतील."

त्या बराच वेळ गप्प. मला वाटलं दुखावल्या. मग म्हणाल्या, "चार महिने लोक मला पुढचंच वचन सांगलालेत भाऊ. मयताच्या दिवसापासून. देवाला आवडला म्हणून नेला, तो आता प्रभूच्या घरी आहे, रडू नका, विश्वासणाऱ्यानं रडू नये. अहो मित्राच्या, लाजराच्या कबरीकडं जाताना खुद्द येशू रडला, आणि त्याला तर माहीत होतं की पाच मिनिटांत उठवणार आहे. मी पुनरुत्थान मानत नाही असं नाही. मानते. पण मी अजून त्या वाटेवर आहे. मला तिथलंच वचन पाहिजे."

आणि मग, हे वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं, "त्यांना धोंडीचं काय करायचं ते माहीत नव्हतं. तरी निघाल्या की नाही?"

मला काही बोलता आलं नाही. पाणी दिलं. चिठ्ठीचा फोटो काढून कॉम्प्युटरवाल्याला व्हॉट्सअॅप केला, त्यानं अर्ध्या तासात स्टेन्सिल पाठवलं, आणि पठ्ठ्यानं "लोटेल" केलं होतं. मी बघितलंच नसतं. सिस्टरनं लगेच बोट ठेवलं, शास्त्रात "लोटील" आहे. परत पाठवायला फोन लावला तर उचलेना, आणि त्याच वेळी लाईट गेली. एप्रिलमध्ये दुपारी सोलापुरात लाईट गेली की कधी येईल याचा नेम नसतो. कॉम्प्रेसर बंद, पंखा बंद.

मी म्हणलं आता काही खरं नाही, रविवारनंतर या. त्या म्हणाल्या, "तुमचे वडील हातानं कोरायचे ना? माझ्या सासूबाईंची पाटी त्यांनीच केलेली."

ग्रॅनाइट असता तर मी सरळ नाही म्हणलं असतं. कडप्पा मऊ असतो, हातानं होतं. वडिलांची छिन्नी ड्रॉवरमध्ये होती, शेवटची कधी धरली ते आठवत नव्हतं. फरशीवर पेन्सिलनं अक्षरं काढली, सिस्टरच्याच वळणाची, आणि बसलो.

हातानं कोरताना एका अक्षराला दहा-पंधरा मिनिटं जातात. मशीनवर वाचायची गरजच नसते, पण इथं प्रत्येक काना प्रत्येक वेलांटी डोक्यात जाते. 'धों'ला इतका वेळ लागला की मी त्या धोंडीचाच विचार करायला लागलो. मार्कानं लिहिलंय ती फार मोठी होती. दगड एक घनफूट म्हणजे पाऊणशे किलो धरा. तिघी बायका, पहाटेची वेळ, हातात मसाल्याची गाठोडी. कुठल्याही मजुरानं सांगितलं असतं की बाई, पहार आणि चार गडी आणा, मग बघू. आणि कबर खडकात खोदलेली, ज्यानं येशूला तिथं ठेवलं त्या अरिमथाईकर योसेफाची, नवी कोरी. योसेफाचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण ती खोदली कुणी? माझ्याच धंद्यातला कुणीतरी असणार, महिनाभर खपला असेल, बोटं सोलली असतील, आणि शुक्रवारी संध्याकाळी वापरात आलेली जागा रविवारी सकाळी रिकामी. त्याचे पैसे तरी मिळाले का बिचाऱ्याला कोण जाणे. हे मी मोठ्यानं बोललो वाटतं कारण सिस्टर हसल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा हसले म्हणाल्या.

सगळ्यात त्रास प्रश्नचिन्हानं दिला. तीस वर्षांत कबरीवर मी प्रश्नचिन्ह कोरलं नव्हतं. तो वरचा आकडा वळवताना कडप्प्याची कपची उडते, आणि खालचा टिंब जरा खोल गेला की खड्डा दिसतो. दोनदा छिन्नी बाजूला ठेवली. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. आकडा थोडा जाड झाला, जवळून बघितलं तर कळतं.

पाचला लाईट आली. खरं सांगतो, आल्याबरोबर नाव आणि तारखा मशीनवर मारल्या, खांदा गेला होता माझा. त्यामुळं त्या पाटीवर वरचा भाग मशीनचा आणि खालची एक ओळ हाताची आहे.

रंग भरायला पोरगा ब्रश घेऊन आला तर सिस्टर म्हणाल्या मला द्या. पोरानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. चाळीस वर्षं इंजेक्शनं दिलेला हात, चौऱ्याहत्तराव्या वर्षी पण तसूभर हलला नाही, मुलाच्या नावाचं शेवटचं अक्षर भरेपर्यंत एक थेंब बाहेर नाही. त्या खुर्चीवर, त्या उजेडात दोन वर्षांनी कुणीतरी तसं वाकून रंग भरत होतं. मी उगाच मागं जाऊन ग्राइंडर पुसत बसलो.

तिथंच त्यांना ती फरशी दिसली. हात पुसत आल्या, नाव वाचलं. "ही कुणाची?"

"आमच्या मंडळींची."

आधी त्यांना वाटलं चर्चची. मग कळलं.

त्यांनी वचनबिचन काही सांगितलं नाही. फरशीवर धूळ होती ती पदरानं पुसली आणि विचारलं, "रंग कुठला भरायच्या त्या?" मी म्हणलं पांढरा, सोनेरी तिला आवडायचा नाही, लग्नाच्या पत्रिकेसारखं दिसतं म्हणायची.

रात्री आठला मी आणि पोरगा पाटी घेऊन गेलो, बॅटरीच्या उजेडात पांढऱ्या सिमेंटमध्ये बसवली. पोरगा मुसलमान, प्रश्न वाचून म्हणाला, "काका, याचं उत्तर काय?" मी म्हणलं सकाळी ये ऐकायला. विनोद केला होता, पण तो पहाटे साडेचारला खरंच आला, दुचाकीवर मला घेऊन गेला आणि कुंपणापाशी उभा राहिला. आमच्या मंडळीची उपासना चर्चमध्ये होती. मी त्या वर्षी तिकडं गेलो नाही.

पन्नास-साठ माणसं असतील, हातात मेणबत्त्या, कबरी चुन्यानं रंगवलेल्या, निशिगंधाचा वास. पोरं पेंगत होती. पाळकसाहेबांनी मार्काचाच सोळावा अध्याय वाचला, आणि सांगितलं की सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत हे शुभवर्तमान आठव्या ओवीलाच थांबतं, जिथं धोंड बाजूला झालेली असते, तो उठला आहे असं बायकांना सांगितलं जातं, आणि त्या थरथरत पळून जातात, कुणाला काही बोलत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. हे मी आधी ऐकलं असेल, पण कानात गेलं त्या दिवशी. म्हणजे बातमी कळली त्या क्षणी त्यांना आनंदबिनंद काही झाला नव्हता, पायच लटपटले होते. मी दोन वर्षं स्वतःला दोष देत होतो की ईस्टरला माझ्या मनात आनंद का उसळत नाही, माझा विश्वास कमी पडतोय का.

मग पाळकसाहेब मोठ्यानं म्हणाले, "प्रभू उठला आहे!" आणि सगळे, "खरोखर उठला आहे!" तीन वेळा. पहिल्या दोन वेळी माझा आवाज फुटला नाही. तिसऱ्या वेळी फुटला, चिरका, शेजारच्या बाळानं वळून बघितलं. सिस्टर मुलाच्या पाटीपाशी बसून होत्या, तिन्ही वेळा म्हणाल्या, रडत रडत म्हणाल्या, डोळेही पुसले नाहीत. सहाच्या पुढं उजाडलं तेव्हा त्या पांढऱ्या अक्षरांवर ऊन आलं. प्रश्नचिन्ह जाडच दिसत होतं.

निघताना त्यांनी दोन रंगवलेली अंडी दिली, एक मला एक पोराला. पोरगा म्हणाला, "उत्तर कळलं काका." काय ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

दुपारी घरी जेवायला बसलो, भाकरी आणि शेंगा चटणी, एकट्यासाठी मटण कोण करतंय. धाकटीचा फोन आला, हॅप्पी ईस्टर पप्पा, आणि नेहमीसारखं आईच्या पाटीचं तिनं काही विचारलं नाही. मीच म्हणलं, आईची जन्मतारीख कागदोपत्री आहे ती घालायची की खरी? ती गप्प झाली. मग म्हणाली खरी घाला.

चारला दुकान उघडलं. रविवार, सगळा रस्ता बंद. फरशी भिंतीपासून ओढून बघितली, जागची हलेना. पाऊण इंची, सहा बाय अडीच, पासष्ट-सत्तर किलो तर असणारच, आणि माझा खांदा आदल्या दिवशीचा धरलेला. पोराला फोन लावला.

"सुट्टी आहे ना काका आज?"

"आहे. पण एकट्याला उचलत नाही रे."

"आलो," म्हणाला. "छिन्नी काढून ठेवा."