रामकुंडाच्या पायऱ्या आणि ६४० बाय ४८०चा निकाल

घरच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवताना चित्राची रुंदी-उंची किती पिक्सेल ठेवावी याबाबत मागच्या नोंदीत मी ६४० बाय ४८० हे माप कायम केल्याचे लिहिले होते आणि त्या मापाने अकरा कॅसेट उतरवूनही झाल्या होत्या. त्या अकराच्या अकरा कॅसेट आता पुन्हा लावाव्या लागणार आहेत. माझ्या त्या नोंदीवर विसंबून कोणी हेच माप धरले असेल, तर त्यांनी पुढची कॅसेट लावण्याआधी हे वाचावे, म्हणून काम अर्धवट असतानाच लिहीत आहे.

खोट उघडकीस आली ती मावशीच्या लग्नाच्या १९९४च्या कॅसेटमुळे. वऱ्हाड नाशिकच्या काळारामाच्या दर्शनाला निघाले असताना शूटिंग करणाऱ्याने गोदाघाटावर रामकुंडापाशी थांबून कॅमेरा दुतोंड्या मारुतीच्या मस्तकापासून खाली आणत आणत पाण्याला लागलेल्या पायऱ्यांपर्यंत नेला आहे. जेमतेम बारा सेकंदांचा तुकडा आहे, पण कॅमेरा खाली येऊ लागला की पायऱ्यांच्या कडा थरथरू लागत, एकीच्या दोन दिसत आणि कॅमेरा थांबताच पुन्हा शांत होत. मी आधी व्हीसीआरवर संशय घेतला. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, ट्रॅकिंग मागेपुढे करून पाहिले, कंपोझिटची केबल बदलली आणि शेवटी मामांकडचा व्हीसीआर आणून त्यावरही तीच कॅसेट चालवली, तरी थरथर तसूभरही हलली नाही. यात जवळजवळ महिना गेला. तोच व्हीसीआर जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला थेट जोडल्यावर मात्र पायऱ्या अगदी स्थिर दिसल्या, आणि दोष कॅसेटमध्ये नसून कॅप्चरमध्ये, म्हणजे टेपवरचे चित्र संगणकात उतरवण्यात आहे हे तिथेच पक्के झाले.

मग त्या तुकड्यातली एक फ्रेम थांबवून मोठी करून पाहिली. घागर घेऊन डावीकडून उजवीकडे जाणारी एक बाई त्या फ्रेममध्ये आहे. इंटरलेस चित्रात, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन भागांत टिपलेल्या चित्रात, हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात, ते अपेक्षितच असते. इथे मात्र घागरीच्या कडेला एक ओळ स्वच्छ होती आणि पुढच्या चार ओळींत कमी-अधिक भेसळ होती. पाच-पाच ओळींनी तोच क्रम वरपासून खालपर्यंत चालू होता. हा पाचाचा आकडा दिसताच उलगडा झाला. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीत एकूण ६२५ ओळी असतात, त्यांतल्या ५७६ चित्राच्या असतात, आणि ५७६च्या ४८० करायच्या म्हणजे दर सहा ओळींच्या पाच करायच्या. त्या ५७६ ओळी एका क्षणाच्या नसतात. एकाआड एक अशा २८८ ओळींचे एक फील्ड आणि त्यानंतर एक पन्नासांश सेकंदाने टिपलेले दुसरे फील्ड अशी त्यांची वीण असते. व्हीसीआर संगणकाला जोडणाऱ्या माझ्या डोंगलचा ड्रायव्हर (ते चालवणारे सॉफ्टवेअर) दोन्ही फील्ड एकच स्थिर चित्र असल्यासारखी धरून शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतो, त्यामुळे दोन वेगळ्या क्षणांची सरमिसळ एकाच ओळीत होते. दुधात पाणी घातल्यावर ते वेगळे काढता येत नाही, तशी ही सरमिसळ नंतर कोणत्याही डीइंटरलेसरला (फील्डांपासून सलग चित्रे करणाऱ्या फिल्टरला) सोडवता येत नाही. मी तीन वेगवेगळे डीइंटरलेसर लावून पाहिले, आणि तिन्हींत पायऱ्या दुहेरीच राहिल्या.

काल रात्री तोच तुकडा ७२० बाय ५७६ने पुन्हा उतरवला, फील्ड वेगळी केली आणि सेकंदाला पन्नास फ्रेमच्या गतीने पाहिला. कॅमेरा मारुतीच्या छातीवरून खाली सरकतो, पायऱ्या एकामागून एक वर येतात आणि प्रत्येक पायरीची कड एकच, सरळ आणि शांत आहे. महिनाभराच्या डोकेफोडीनंतर ते बारा सेकंद मी सलग सात-आठ वेळा पाहिले.

तेव्हा उभ्या मापाबाबत आता चर्चेला जागा नाही. कॅप्चर करताना पालच्या ५७६ ओळी जशाच्या तशा घ्याव्यात. ३५२ बाय २८८ घेतले की सरमिसळ टळते हे खरे, पण बहुतेक ड्रायव्हर त्यासाठी एक फील्ड सरळ टाकून देतात आणि निम्मी हालचाल कायमची जाते.

आडव्या मापाचा प्रश्न मात्र खरोखर विचार करण्याजोगा आहे, कारण आडव्या दिशेने मोजलेल्या ओळी नसतात, तिथे सलग लहर असते. व्हीएचएसची ल्युमा, म्हणजे उजेड-अंधाराचा तपशील, साधारण ३ मेगाहर्ट्‌झपर्यंतच पोहोचते आणि एका ओळीतला चित्राचा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणजे लहरीच्या दुप्पट वेगाने मोजण्याच्या नियमाने ओळीमागे ३१२ सॅम्पल (मोजलेले बिंदू) पुरतात. या हिशेबाने ३५२ बाय ५७६ पुरेसे ठरते आणि जागा निम्मी लागते. ७२० बाय ५७६ कॉम्प्रेशनशिवाय तासाला सुमारे ७५ जीबी खाते. हफीयुव्ही या तपशील न गमावणाऱ्या कॉम्प्रेशनने माझ्याकडे ते तासाला ३० ते ३५ जीबीवर येते, तरी तीन तासांच्या कॅसेटला १०० जीबी होतातच. म्हणून लग्नाचे विधी ७२०ने आणि पंगतीचे लांबलचक भाग ३५२ने उतरवायचे, असे मी ठरवले होते आणि या नोंदीत तसेच लिहायला बसले होते.

मात्र लिहिता लिहिता वाटले की आधी एकदा तपासून घ्यावे, म्हणून मघाशी पाच मिनिटांचा एकच भाग दोन्ही मापांनी उतरवला. मावशीच्या पैठणीच्या पदरावरचे मोर दोन्हींत सारखेच अस्पष्ट आहेत, लाल काठाचा रंगही दोन्हींत सारखाच शेजारी सांडतो, कारण रंगाचा तपशील टेपवरच फार थोडा असतो. हिशेब खरा निघाला. फरक दिसला तो मांडवाच्या तिरप्या दोऱ्यांत. ३५२मध्ये त्या दोऱ्यांना बारीक दाते आले आहेत, कारण डोंगल सॅम्पल निम्मे करताना नीट गाळत नाही. शिवाय टेपची खरखर ७२०मध्ये बारीक असते आणि फिल्टरने सहज निघते, ३५२मध्ये ती जाड होऊन चित्राला चिकटते. त्यामुळे बेत बदलला आहे. आता सगळे ७२० बाय ५७६नेच उतरवायचे, आणि जागेची अडचण आलीच तर नंतर संगणकावर चांगल्या फिल्टरने निम्मे करायचे. डोंगलला या कामाला लावायचे नाही.

पाहण्याच्या मापाबद्दलही एक खुलासा हवा. ७२० ही रुंदी १३.५ मेगाहर्ट्‌झच्या सॅम्पलिंगमधून येते आणि तिच्यात खरे चित्र ७०२ सॅम्पलांचेच असते, बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. म्हणून ७२०चे थेट ४:३ (टीव्हीच्या चित्राचे रुंदी-उंचीचे प्रमाण) करू नये. दोन्ही बाजूंचे आठ-आठ पिक्सेल काढून ७०४ करावेत आणि ते ७६८पर्यंत ताणावेत. मंगल कार्यालयाच्या भिंतीवरचे गोल घड्याळ एका फ्रेममध्ये अगदी समोरून आले आहे. कॅप्चरमध्ये त्याची रुंदी ८८ आणि उंची ९६ पिक्सेल भरली, या रीतीने ताणल्यावर रुंदीही बरोबर ९६ झाली. ७२० सरळ ताणले असते तर ती ९४ भरली असती. खालच्या कडेची हेड स्विचिंगची (व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्यावर जाताना उमटणारी) वेडीवाकडी पट्टी कॅप्चरमध्ये तशीच राहू द्यावी आणि नंतर काळ्या रंगाने झाकावी. वरून विषम संख्येने ओळी कापल्या तर फील्डचा क्रमच उलटतो.

डोंगल मी महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका दुकानातून घेतले होते आणि तिथे ‘एचडी कॅप्चर’ म्हणून ते गळ्यात मारले गेले. व्हीएचएससाठी एचडी या शब्दाला काडीचा अर्थ नाही. घेण्याआधी ड्रायव्हर पालमध्ये ७२० बाय ५७६ ओळींना हात न लावता देतो का, एवढे एकच विचारावे. कॅप्चरसाठी व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरइतके विश्वासू दुसरे काही मला मिळालेले नाही, गळलेल्या फ्रेमची मोजदाद ते डोळ्यांसमोर ठेवते.

अकरापैकी तीन कॅसेट सिन्नरला मावशीकडे परत गेल्या आहेत, त्या रविवारी आणेन. दोन कॅसेटना पावसाळ्यात बुरशी धरली आहे, त्या साफ केल्याशिवाय यंत्रात घालणार नाही. उरलेल्या सहांपैकी लग्नाची कॅसेट आज रात्री पहिली लागेल, या वेळी पूर्ण तीन तास आणि ५७६ ओळींनिशी.