फायरफॉक्समधले पासवर्ड: कुलपाशेजारीच ठेवलेली किल्ली

फायरफॉक्स ब्राउझर तुमची लॉगिनं प्रोफाइल फोल्डरमधल्या 'लॉगिन्स डॉट जेसन' फाइलमध्ये कूटबद्ध करून ठेवतो. पण ती उलगडणारी किल्ली शेजारच्याच 'की४ डॉट डीबी'मध्ये असते. प्रायमरी पासवर्ड, म्हणजे साठवलेल्या सगळ्या पासवर्डांवरचा एक मुख्य पासवर्ड, नसेल, तर या दोन फाइली पेनड्राइव्हवर नेणाऱ्याला सगळं वाचता येतं. विंडोजचा पासवर्ड इथे पुरत नाही.

म्हणून सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन 'यूज अ प्रायमरी पासवर्ड'वर खूण करा. पासवर्ड लांब हवा, एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द उत्तम. फाइली हाती लागलेला चोर स्वतःच्या यंत्रावर कितीही वेळा अंदाज लावू शकतो, त्याला कुणी अडवत नाही. कागदावर लिहून कपाटात ठेवाच, कारण विसरलात तर रिसेट करावं लागतं आणि साठवलेले सगळे पासवर्ड जातात.

प्रायमरी पासवर्ड एकदा टाकला की ब्राउझर बंद होईपर्यंत तिजोरी उघडीच. त्या वेळात घुसलेल्या मालवेअरपुढे हा उपाय चालत नाही. जागेवरून उठताना विंडोज आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा.

आणि फायरफॉक्समधून पासवर्ड बाहेर काढून (एक्स्पोर्ट करून) बनवलेली सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची, फाइल! तिच्यात सगळे पासवर्ड उघडे असतात. काम झालं की ती रिसायकल बिनमधूनही काढा.