मार्च एंडिंग ते मृग

बँकेचं वर्ष एक एप्रिलला सुरू होतं. विद्यापीठाचं जून-जुलैत कधीतरी, प्रवेशाची मुदत वाढवून वाढवून सगळे दमले की. आणि ज्यांचे कागद वाचायला मी शिकते आहे त्या शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या कारकुनांचं वर्ष बदलायचं मृग लागला की. शुहूर सन म्हणतात त्याला. आकडे सरळ लिहायचे नाहीत, अरबी शब्दांत लिहायचे. 'इसन्ने सबैन व अलफ' म्हणजे दोन, सत्तर आणि हजार, म्हणजे १०७२. त्यात ५९९ मिळवायचे, की इसवी सन १६७१ आलं. पण कागद जानेवारी ते मृग यांच्या मधला असेल तर ६०० मिळवायचे. हे गणित मला आता झोपेतही येतं, मात्र घरच्या गॅसचा नंबर शेवटचा कधी लावला होता ते आठवत नाही.

दिवसभर बँकेची नोकरी, दूरस्थ पद्धतीनं अर्थशास्त्रात एम.ए. आणि मोडी लिपी, असा माझा संसार आहे. खऱ्या संसाराव्यतिरिक्तचा. यातली नोकरी कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. एम.ए. निम्मं समजतं. 'या वयात?' असं म्हणून झालं की लोक गप्प बसतात. त्यापेक्षा सीएआयआयबी ही बँकवाल्यांची परीक्षा दिली असती तर पगारात तरी दिसलं असतं, असं आमच्या साहेबांनी एकदा प्रेमानं सुचवलं. मोडीपाशी मात्र सगळे थांबतात. "म्हणजे नक्की काय उपयोग?" सासूबाई याच्याही पुढे जातात. त्यांच्या मते मी रविवारी दुपारी 'ती किडे-मुंग्यांची कागदं' घेऊन बसते.

उपयोग मलाही सांगता यायचा नाही. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही, पूर्णविराम तर नाहीच. त्यामुळे वाचणाऱ्यानं शब्द कुठे तोडायचा हे स्वतःच ठरवायचं. चुकीच्या जागी तोडला तर गावच्या पाटलाचा बैल होतो. एकेका ओळीवर अर्धा अर्धा तास जातो आणि शेवटी कळतं काय, तर कुणीतरी कुणाकडे चार मण भाताची बाकी मागितली आहे. दिवसभर थकबाकीचे खातेदार बघून आलेल्या बाईनं रविवारी पुन्हा थकबाकीच वाचायची! पण ही बाकी वसूल करायची जबाबदारी माझ्यावर नसते. त्यातच सगळी मजा.

ही मजा २०२३ च्या पावसाळ्यानंतर काही दिवस गेली. कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली, जुनी दप्तरं बाहेर निघाली, त्यातली कित्येक मोडीत. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. मी तर अजून अडखळत वाचणारी, पण ओळखीतल्या ओळखीत बातमी पसरली. पणजोबांच्या कागदांचे तिरपे, अंधारे फोटो व्हॉट्सॅपवर यायला लागले. खाली 'उद्यापर्यंत होईल का?' आता त्यांची निकड खरी होती, हे मला मान्य आहे. कुणाच्या मुलाचा प्रवेश त्या एका शब्दावर अडलेला असायचा. मला जमेल तेवढं मी वाचून दिलं आणि शंका आली तिथे जाणकारांकडे पाठवलं. पण छंदाला मुदत लागली की तो छंद उरत नाही, ते तिसरं टेबल होतं. फोटो यायचे थांबले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मग तसं वाटल्याचं थोडं वाईटही वाटलं.

अभ्यास होतो लोकलमध्ये. डोंबिवलीला सकाळी फास्ट गाडीत बसायला मिळेल ही आशा मी कधीच सोडली. म्हणून आधी उलटं कल्याणला जायचं आणि तिथून सुटणारी गाडी पकडायची. लवकर निघावं लागतं, पण सीएसएमटीपर्यंत मांडी मिळते. मांडीवर फोन, फोनवर पीडीएफ, पीडीएफमध्ये अर्थशास्त्रातल्या आयएस-एलएम आलेखाच्या रेषा. शेजारी कुणी मटार सोलत असतं, समोर कुणी पोथी वाचत असतं, दाराजवळची मुलगी उभ्यानं आयलायनर लावते, तेही एकदाही न हलता. आमच्या डब्यात 'तू वेळ कसा काढतेस?' हा प्रश्न कधी ऐकू येत नाही. तो विचारतात ते ऑफिसात एसीखाली बसलेले पुरुष.

नोकरी करून शिकणं ही काही आजची टूम नाही. दिवसा शेतात आणि मजुरीवर जाणाऱ्यांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात रात्रशाळा काढली ती १८५५ साली. बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवत होते ते लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला. १९२० मध्ये ते परत गेलेही. पुढे १९४६ ला त्यांच्या संस्थेनं मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले, कारण पोरांना नंतर कामावर जायचं असे. वेळापत्रक आखणारा स्वतः त्यातून गेलेला असला की असा फरक पडतो. आमच्याकडे दूरस्थच्या तासिका कधीकधी महिन्याच्या पहिल्या शनिवारी ठेवतात. बँकांना सुट्टी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी असते हे आखणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं.

मात्र मोठ्या माणसांच्या अशा कहाण्या वाचताना हल्ली माझं लक्ष भलतीकडे जातं. दामोदर धर्मानंद कोसंबींचं उदाहरण घ्या. पोटापाण्याचा विषय गणित, मन इतिहासात, जुनी आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी तराजूत तोलून त्यांच्या वजनातून काळ शोधणारा माणूस. पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जायचे. हे वाचलं की कुणाच्याही मनात आदर दाटेल. माझ्या मनात येतं, सकाळी चहा कोण करत असेल? डेक्कन क्वीनला डायनिंग कार आहे हे खरं, पण घरातून निघेपर्यंतचं काय?

कारण माझा वेळ कुठून येतो हे मला पक्कं ठाऊक आहे. तो मी काढत नाही, दुसरं कुणीतरी देतं. गेल्या वर्षी पेपर आणि मार्च एंडिंग एका आठवड्यात आले तेव्हा माझ्या काउंटरवर माझी मैत्रीण बसली, आणि मी तिच्या दिवाळीच्या रजेत तिच्या जागी. कुकर नवरा लावतो. मुलीच्या पालकसभेला सासूबाई जातात आणि तिथे मी 'बाहेर शिकायला' आहे असं सांगतात, जणू मी लंडनला आहे. आणि पोळ्या मावशी करतात.

मावशी आमच्याकडे सकाळी साडेपाचला येतात. पुढे आणखी घरं. स्वतःच्या घरच्या पोळ्या त्या कधी करतात हे विचारायचं धाडस मला बरेच दिवस झालं नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "रात्री करून ठेवते की. गरम खायची हौस कुणाला?" त्यांचा मुलगा दिवसा कुरिअर वाटतो, रात्रीच्या कॉलेजात बी.कॉम. करतो आणि गणपतीच्या आधी दोन महिने ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जातो. या शेवटच्या गोष्टीवरून मायलेकांत रोज वाजतं. "अभ्यासाला वेळ नाही आणि ढोल बडवायला आहे!" हे वाक्य मावशींनी आमच्या स्वयंपाकघरात म्हटलं तेव्हा बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी मनापासून दुजोरा दिला. तो कुणाला उद्देशून होता, ते मला कळलं. मी मोडीचे कागद उचलून आत नेले.

एम.ए.चा निकाल लागला. बऱ्यापैकी लागला. पेढे आणले, पहिला देवाला, दुसरा सासूबाईंना, तिसरा मावशींना. मावशींनी पेढा तोंडात टाकला, हात पुसला आणि विचारलं, "मग ताई, आता तुमचं कॉलेज संपलं म्हणजे पोळ्या तुम्हीच करणार? तसं असलं तर आत्ताच सांगा. समोरच्या बिल्डिंगमधल्या कधीच्या मागं लागल्यात."

"नाही नाही," मी म्हटलं, "पुढचा फॉर्म भरतेय."

कसला फॉर्म ते अजून ठरलेलं नाही. मुदत मात्र वाढवून मिळेल.