तुमच्या पुस्तकात आमचं गाव नाही

लेखक आणि वाचकांची भेट घडवणारे कार्यक्रम नागपुरात आता बरेच होतात. झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघात वर्षभर काही ना काही चालू असतं, रेशीमबागेकडेही मोठमोठे मांडव पडतात. मी शाळेत ग्रंथपाल आहे, त्यामुळे जमेल तिथे जाते आणि बहुतेक वेळा आनंदाने परत येते. पण लेखक आणि वाचक खऱ्या अर्थाने समोरासमोर कुठे येतात, असं मला कुणी विचारलं तर मी त्याला दसऱ्याच्या आदल्या दिवशी दीक्षाभूमीवर घेऊन जाईन.

१४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, श्रद्धानंद पेठेजवळच्या या मैदानावर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या गर्दीची वारसदार असलेली आजची गर्दी पुस्तकं विकत घेते, हे मात्र नागपुरातल्याही पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. काचीपुऱ्याकडून या, लक्ष्मीनगरकडून या किंवा माता कचेरीच्या बाजूने. भोजनदानाचे मांडव, मूर्ती, लॉकेट, निळे झेंडे, कॅलेंडरं यांच्या मधेमधे पुस्तकांचे स्टॉल लागतातच. काही मोठ्या प्रकाशकांचे, नीट रॅक लावलेले. पण बरेचसे म्हणजे ड्रमवर टाकलेल्या फळ्या, त्यावर निळं कापड, वर ताडपत्री. दहा-वीस रुपयांच्या पातळ पुस्तिका पुढे, जाड ग्रंथ मागे. कुठे एखादा गायक पेटी घेऊन बसलेला असतो; स्वतः रचलेलं भीमगीत म्हणतो आणि तेच गाणं असलेली पुस्तिका स्वतःच्या हाताने देतो.

यातले कितीतरी स्टॉल लेखकांचे स्वतःचे असतात. पुस्तक लिहिलं त्यांनी, डीटीपी करून घेतलं त्यांनी, छापखान्याचं बिल भरलं त्यांनी, आणि फळीमागे उभेही तेच. दुकानातून यांची पुस्तकं मिळत नाहीत. यांचं वर्ष तारखांवर चालतं: दसऱ्याला नागपूर, ६ डिसेंबरला दादर, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, १४ एप्रिलला आपापलं शहर. दसऱ्याला छपाईचा खर्च निघाला तर पुढचं पुस्तक. म्हणून नवीन पुस्तक नागपूरच्या आधी बांधून तयार व्हावं यासाठी सप्टेंबरभर या लोकांची झोप उडालेली असते.

आता वाचकांबद्दल सांगते, कारण माझा जीव तिथे आहे. हिंगोली, परभणी, वाशीम, यवतमाळ, गोंदिया, पलीकडे तेलंगणातूनही माणसं येतात. ही माणसं पुस्तकांच्या गर्दीत उगाच शिरत नाहीत. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, असतो आणि त्या काळात खेड्यापाड्यांतल्या विहारांत, घरांत बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चालतं. एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात, मग बोलणं होतं. कुणाला एखादी गोष्ट पटत नाही, कुणाला एखादा शब्द अडतो. दसरा येतो तो या वाचनाच्या अगदी शेवटी. म्हणजे दीक्षाभूमीवर येणारा वाचक नुकताच पावसाळाभर एक जाड ग्रंथ ऐकून, त्यावर वाद घालून आलेला असतो. त्याच्या पिशवीत भाकरी असते आणि डोक्यात प्रश्न असतात. असा तयारीचा वाचक मला दुसऱ्या कुठल्याच ग्रंथमहोत्सवात एवढ्या संख्येने भेटलेला नाही.

राज्य सरकारने काढलेल्या बाबासाहेबांच्या ‘लेखन आणि भाषणे’चे खंड मागणारे लोक तर नंबरानेच बोलतात. “अठराचा दुसरा भाग आहे का?” अठरावा खंड मराठी भाषणांचा आणि लेखनाचा, तीन भागांत. पहिला भाग घरी असतो, तिसरा शेजाऱ्याकडे, दुसऱ्याचा शोध चालू असतो. १९७९ साली या मालेचा पहिला खंड निघाला तेव्हा संपादक होते वसंत मून, आपल्या नागपूरचेच. ‘वस्ती’ या आत्मकथनात त्यांनी नागपूरच्या ज्या वस्तीचं जग लिहिलं, तिथे वाचनाची भूक कशी होती ते कळतं. ते पुस्तक मी नववीच्या पुढच्या प्रत्येक मुलाच्या हातात एकदा तरी देते.

मी ज्या स्टॉलवर बसते तो एका निवृत्त पोस्टमनकाकांचा. नोकरीत असताना सायकलवर फिरताना त्यांनी एक काम लावून घेतलं. ५६ साली कुठल्या गावातून कोण कसं आलं होतं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारायचं आणि लिहून ठेवायचं. त्याचं त्यांनी पुस्तक केलं, गाववार. प्रुफं मी तपासते, म्हणून त्या दोन दिवसांत माझी जागा त्यांच्या शेजारी.

मागे एका दसऱ्याला चाळिशीचा एक माणूस आला. पुस्तक उचललं, विकत घेण्याआधी अनुक्रमणिका बोटाने खालपर्यंत वाचली, पुन्हा वाचली. मग काकांना म्हणाला, “तुमच्या पुस्तकात आमचं गाव नाही ना जी.”

काका म्हणाले, “कोणतं गाव तुमचं?”

कारंज्याजवळचं एक खेडं त्याने सांगितलं. “आमच्या गावचे चौघं आले होते. माझा आजा, त्याचा भाऊ अन् दोन बाया. पायदल कारंज्याले, तिथून शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापूर, मंग नागपूरची गाडी. भाड्यासाठी शेळी विकली होती. तुमी लिवलं काहून नाही?”

आवाज चढलेला होता. मागे रांग होती, कुणीतरी “दादा, सरका” म्हणत होतं. काकांनी फळीखालून वही काढली, पेनाचं टोपण दातांनी उघडलं आणि विचारलं, “हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मोठ्या आत्यानं. आत्या आहे अजून.”

“ऐकू येतं त्यांना?”

“चांगलं येते.”

काकांनी नावं, तालुका, फोन नंबर लिहून घेतला. त्या माणसाने पुस्तक घेतलं नाही. गाव आलं की घेईन म्हणाला. डिसेंबरात काका एसटीने कारंज्याला गेले, आत्यापाशी बसले आणि पुढच्या आवृत्तीत त्या गावाला अर्धं पान मिळालं. पुढच्या दसऱ्याला तो माणूस आला, उभ्या उभ्या अर्धं पान वाचलं आणि म्हणाला, “यातल्या एका बाईचं आडनाव माहेरचं पडलं. सासरचं पाहिजे.” काकांनी पुन्हा वही काढली. या वेळी त्याने पुस्तक विकत घेतलं आणि काकांनी त्या प्रतीत आडनाव पेनाने दुरुस्त करून दिलं.

लेखक-वाचक संवाद म्हणतात तो हाच, असं मला ठामपणे वाटतं. शहरातल्या एका महोत्सवात मी प्रेक्षकांत होते. तास-दीड तास लेखक बोलले, छान बोलले. शेवटी प्रश्न चिठ्ठीवर लिहून मागितले आणि वेळ संपल्यामुळे त्यातले दोनच वाचले गेले. माझ्या शेजारी भंडाऱ्याहून आलेली एक मुलगी होती, तिची चिठ्ठी तशीच राहिली. तिला त्या लेखिकेला एवढंच विचारायचं होतं की तुमच्या गोष्टीतली बाई शेवटी शेती का विकते. पुस्तक तिने तीनदा वाचलं होतं. असा वाचक शंभर किलोमीटरच्या आत हातात असताना त्याला चिठ्ठी कशाला द्यायची? मंचावरचा कार्यक्रम ठेवा, हरकत नाही, पण उतरल्यावर लेखकाला एक टेबल, दोन खुर्च्या आणि मोकळा एक तास द्या. पुस्तकावर सही करून घेण्याची रांग वेगळी आणि बोलण्याची बैठक वेगळी. यासाठी काही मोठा खर्च येत नाही.

आणि दीक्षाभूमीच्या पुस्तकवाल्यांसाठीही काही व्हायला हवं. जागा कुठे मिळणार हे ऐनवेळी कळतं, मग ताडपत्री, बांबू, दिवे यांची धावाधाव. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस आला की पहिली भिजतात ती पुस्तकं. केळी किंवा लॉकेटं भिजली तर पुसता येतात. पुस्तकांच्या ओळीला उंचवट्यावरची जागा, वर पक्कं छप्पर आणि रात्री अकरानंतरही वीज, एवढं तरी मिळावं. बाहेरगावचे लोक बहुधा रात्रीच पुस्तकं निवडतात. दिवसा दर्शनाची रांग असते, रात्री झोपायला जागा नसते, तेव्हा ते स्टॉलच्या उजेडात उभे राहून पानं चाळतात. अर्धं पुस्तक तिथेच वाचून होतं. काका कुणालाही हटकत नाहीत, उलट बसायला पुस्तकांचं रिकामं खोकं पुढे सरकवतात.

तुम्ही येणार असाल तर आदल्या संध्याकाळी या. गाडी लांब लावा आणि चालत या, रस्ते बंद असतात. सुटे पैसे आणा. आणि फळीमागे उभ्या असलेल्या माणसाला “हे पुस्तक कोणी लिहिलं?” असं विचाराच. पुष्कळदा तो “मीच” म्हणतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्टॉल उतरू लागतात, गठ्ठे सुतळीने बांधले जातात आणि परत न्यायचं ओझं नको म्हणून किंमतीही उतरतात. शाळेच्या वाचनालयाची खरेदी मी तेव्हा करते. या वर्षी नववीच्या मुलींनी यादी करून दिली आहे. संविधानाची मराठी प्रत, सावित्रीबाईंचं चरित्र, रमाईवरचं काहीही, आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित करून: बिजलीच्या परीक्षेचं गाइड. म्हणजे आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडचं. तेही शोधायचं आहे, माता कचेरीच्या बाजूला स्पर्धा परीक्षांची पुस्तकं असतात, तिथे मिळेल.